डासांचा धूर आणि गच्चीवरच्या सातेरी

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत राहतो: "फॉगिंग कधी?" सी विंगमधल्या एका मुलाला डेंग्यूने दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, तेव्हा त्याच्या प्लेटलेट्सचे आकडे रोज ग्रुपवर यायचे. सगळेच घाबरले, मीही घाबरले. त्यामुळे धुराबद्दल तक्रार करणारी मी एकटी, त्यात गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारी. माझ्या बोलण्याला वजन किती, ते तुम्हीच ठरवा.

धूर मारणारा पोरगा येतो संध्याकाळी पाच-साडेपाचला आणि सुरुवात करतो कंपाउंडच्या भिंतीपासून. त्या भिंतीवर आइस्क्रीम वेल आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ती गुलाबी होऊन जाते आणि त्या वेळी तिच्यावर माझ्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळायच्या मधमाश्या असतात, उघड्यावर पोळं बांधणाऱ्या छोट्या फुलोरी असतात, उघडीप असली तर मोठ्या आग्या माश्याही. पुढे तळमजल्यावरच्या तुळशी, सगळ्या मंजिऱ्यांवर आलेल्या. त्यांनाही एकेक झोत. मॅलेथिऑन असो की डेल्टामेथ्रिन, डासाला मारणारं औषध माशीलाही मारतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीच्या दारासमोर माश्या पडलेल्या दिसतात, सोंड बाहेर आलेली. काही जिवंत असतात, पण पाठीवर पडून गरगरत असतात.

बरं, एवढं करून डास मरतात का? डेंग्यूचा एडिस इजिप्ती हा घरातला प्राणी. पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटातल्या कपड्यांत बसून राहणारा. आणि धुराचा आवाज आला की आपण काय करतो? धावत जाऊन खिडक्या लावून घेतो! म्हणजे ज्याला मारायचं तो आत सुखरूप आणि वेलीवरच्या माश्या धुरात. शिवाय हा धूर त्या वेळी उडत असलेल्या डासांपुरताच. फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत जे वळवळतंय त्याला काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची. नुसती ओतायची नाहीत, घासायची. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. हे सांगितलं की ग्रुपवर अंगठे येतात, बशा तशाच भरलेल्या.

"मग रात्री मारा की," असं एका काकांनी सुचवलं. सूचना चांगली, पण एडिस चावतो दिवसा. सकाळी आणि सूर्यास्ताआधीचे दोनेक तास त्याचा जोर. माशीचीही वेळ तीच, हीच खरी अडचण. रात्रीच्या धुराने क्युलेक्स, म्हणजे रात्री चावणारे डास जास्त मरतील, एडिस कमी. तरीही मी सूर्यास्तानंतरचीच वेळ मागितली, कारण बागेतल्या धुराने एडिस तसाही फारसा मरत नाही.

न सांगता औषध मारलं की काय होतं ते अमेरिकेत दिसलं आहे. साउथ कॅरोलिनातल्या डॉर्चेस्टर काउंटीत २८ ऑगस्ट २०१६ ला, डासांमुळे पसरणाऱ्या झिका आजाराच्या भीतीने, विमानातून नॅलेड हे कीटकनाशक फवारलं. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, म्हणजे माश्या कामाला निघालेल्या. समरव्हिलच्या एकाच मधमाशीपालन केंद्रात ४६ पेट्या गेल्या, सुमारे २५ लाख माश्या. एरवी तिथे रात्री ट्रकवरून फवारणी व्हायची आणि मधपाळांना आधी फोन जायचा. त्या वेळी सगळ्यांना गेला नाही. एका फोनचं काम होतं हो!

आमच्या सेक्रेटरींनी शेवटी तीन गोष्टी मान्य केल्या: आदल्या दिवशी मेसेज, दिवेलागणीनंतर फवारणी, फुललेल्या वेलीवर झोत नाही. मेसेज आला की मी संध्याकाळी माश्या आत आल्यावर पेट्यांवर ओलं गोणपाट टाकते, सैलसर. दार गच्च बंद करायचं नाही, आत उकडून वसाहत मरू शकते. पहाटे गोणपाट काढायचं आणि जवळचं पाण्याचं भांडं धुऊन पुन्हा भरायचं. सातेरी तशी मानी जात, फार त्रास झाला तर पोळी टाकून सरळ निघून जाते.

पण हे सगळं पेटीतल्या माश्यांसाठी. बोगनवेलीत फुलोरीचं तळहाताएवढं पोळं लटकतंय, उघडं. बी विंगच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे, तेही उघडं, आणि आग्या तर चांदण्या रात्रीही फुलांवर जातात. त्यांच्यावर कसलं गोणपाट टाकणार? बोगनवेलीला मी लाल फडकं बांधलंय आणि त्या पोराला दाखवून ठेवलंय. तो म्हणाला, "काकू, तिथं मी मशीन बंद करूनच जाईन, पण सुट्टीवर असलो तर दुसरा येतो." त्या दुसऱ्याचा नंबर घ्यायचा आहे. आग्या मोहोळ उतरवायचा विषय मात्र रविवारच्या मीटिंगमध्ये आहे, आणि तिथे मत मोजलं तर मी हरणार हे मला आत्ताच दिसतंय.