आमची वाटचाल : लेव्हलची नळी आणि सोळा फ्लॅट

सांगलीत बांधकामाचं पहिलं काम घेतलं तेव्हा आमच्या मालकीचं सामान म्हणजे दोन ओळंबे, काटकोनाचा एक गुण्या, सहा घमेली आणि दोन ठिकाणांची उंची जुळवायची पाण्याची लेव्हलची नळी. मिक्सर भाड्याचा, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायच्या प्लेटा आणि टेकू, दुसऱ्याचं, मिस्त्री सासऱ्यांच्या ओळखीचा. आज ऑटो लेव्हल आहे, मुलाने लेझरही आणलाय. पण लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर आखणी करायच्या, दिवशी मी नळीत पाणी भरतोच. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते, म्हणून एक टोक उंच धरून अंगठा सोडायचा आणि बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं. नव्या पोरांना तेवढा धीर नसतो.

पुढे बंगले झाले, रो-हाउस झाली, एका शाळेच्या चार खोल्या झाल्या. ती वर्षं बरी गेली. लिहायचं आहे ते सोळा फ्लॅटबद्दल.

जागा शामरावनगरच्या बाजूची. काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं ठरवलं, तो बारा फुटांवर लागला. खुदाईचं बजेट तिथेच संपलं. शेजारच्या गल्लीतल्या जुन्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. मी आणि मिस्त्रीने नळी लावून ती खूण टप्प्याटप्प्याने आमच्या प्लॉटवर आणली. रस्त्यापासून दोन फूट आली. सिमेंटच्या गोदामाचा ओटा त्याहून तीन फूट वर धरला. लोक हसले. ओटा आहे की व्यासपीठ, असं एकाने विचारलं.

विचारणारे गृहस्थ पूर्वी आमच्याकडे सेंट्रिंगच्या प्लेटा वाहायला होते. नाव लिहीत नाही, सांगलीत ते लिहावं लागत नाही. आमच्याच साइटवर बार बेंडिंग, म्हणजे सळई वाकवणं, शिकले, आमचाच सळईचा फिटर घेऊन गेले आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःचं काम काढलं. 1 मे 2017 पासून रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा, पूर्ण लागू झाला. पाचशे चौरस मीटरच्या आतला प्लॉट किंवा आठपर्यंतच फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही. यांनी एका प्लॉटचे दोन केले आणि आठ-आठ फ्लॅटच्या दोन 'स्वतंत्र' इमारती एकाच जिन्याने जोडल्या. आम्ही रीतसर नोंदणी केली. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनियर, सीए अशा तिघांचे दाखले. पलीकडचे गृहस्थ स्क्वेअर फुटाला तीनशे रुपये कमी सांगायचे. गिऱ्हाईक आमचा चहा पिऊन त्यांच्याकडे बुकिंग करायचं.

त्यांचा पुढचा स्लॅब पंधरा दिवसांनी ओतला जायचा, आमचा तीस. कारण सरळ आहे. साडेचार मीटरहून लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 14 दिवस हलवायचे नाहीत, सहा मीटरहून लांब बीमचे 21 दिवस. हे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, छापलेलं आहे, मी बनवलेलं नाही. त्यामुळे प्लेटांचे दोन सेट तरी लागतात, नाहीतर एकच सेट अडकून पडतो आणि मजूर बसून पगार खातात. त्यांच्याकडे सेट एकच. पाचव्या दिवशी टेकू निघायचे. मी ते माझ्या गच्चीवरून मोजत होतो, हे कबूल करतो. फ्लॅट घेणाऱ्यांनी सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स बघू नयेत, क्यूब टेस्टचं, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात त्याचं, रजिस्टर मागावं. सात दिवसांचा आकडा 28 दिवसांच्या दोन तृतीयांशाच्या आसपास हवा. रजिस्टर द्यायला कोणी आढेवेढे घेतले की चप्पल घालून निघावं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमचा दुसरा स्लॅब तयार होता, तिसऱ्याचं सेंट्रिंग चालू होतं. पाणी 2005 च्या खुणेला लागलं तेव्हा मी निवांत होतो, ओटा तीन फूट वर होता ना! रात्री कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याच्या पातळीचा आकडा चढतच गेला. 2005 ला तो 53 फुटांच्या घरात थांबला होता, यावेळी 57 च्या वर गेला. म्हणजे माझ्या ओट्यावर फूटभर पाणी. सिमेंट दहा थरांत रचलेलं. खालचे दोन थर बुडाले, वरच्यांना दमटपणा लागला. आठवड्याने पाणी उतरलं तेव्हा 240 पोत्यांचे दगड झाले होते. खाली ठेवलेले टेकू आणि प्लेटा वाहून गेल्या, त्यातल्या काही उसात सापडल्या. तळमजल्यावर रचून ठेवलेल्या सळईवर गाळाचा थर बसला होता. तो तारेच्या ब्रशने घासायला चार माणसं सहा दिवस लागली. विजापूरकडचे मजूर गावी गेले ते दिवाळीनंतर परतले. चूक माझी होती. वर दोन स्लॅब तयार असताना सिमेंट खाली ठेवलंच कशाला?

अकरा बुकिंग होती, पाच रद्द झाली. "त्यांच्या साइटवर होड्या फिरल्या," असं पलीकडचे गृहस्थ गिऱ्हाइकांना सांगत होते. होड्या त्यांच्याही गल्लीत फिरल्या होत्या. त्यांनी पाणी उतरल्यावर आठ दिवसांत खालच्या भिंतींना पुट्टी आणि रंग मारला. ओल्या भिंतीवर! मी सोन्यावर कर्ज काढून पाच जणांचे पैसे परत केले. भागीदार म्हणाले, "आता माझा हिशेब करा." तोही केला.

तेव्हा गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांचा. पाया खणल्यापासून रोज संध्याकाळी वही घेऊन यायचे, किती पोती आली, किती खपली, सगळं लिहायचे. आमचा सुपरवायझर त्यांना वैतागलेला. उपड्या घमेल्यावर बसून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "तिसरा स्लॅब कधी?" मी म्हटलं, "गुरुजी, पैसे नाहीत." त्यांनी बांधकामाच्या पुढच्या दोन टप्प्यांचा चेक आधीच फाडून दिला. पावतीवर "टप्प्यापूर्वी स्वीकारले" असं माझ्या अक्षरात लिहवून घेतलं. तिसरा स्लॅब डिसेंबरात ओतला. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, पण त्या चेकच्या जिवावर चौथ्याची सळई तोवर भरून ठेवली होती.

तेव्हाच मीटरची जागा बदलली. सगळे मीटर पार्किंगमध्ये लावतात, वायर कमी लागते. आम्ही 2019 ची खूण नळीने कॉलमवर घेतली आणि त्याच्यावर दोन फूट सोडून जिन्याच्या मधल्या फलाटावर मीटर घेतले. जमिनीतल्या टाकीचं झाकण बंदिस्त केलं, हवेचा पाइप त्याच उंचीपर्यंत नेला. आर्किटेक्ट कुरकुरले, वायरमनने जादा पैसे घेतले. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, 2019 एवढं नाही. पार्किंग भरलं. मीटर कोरडे, टाकीचं पाणीही स्वच्छ राहिलं. त्या वर्षी दिवाळीला ताबे दिले. पहिला नारळ गुरुजींनी फोडला आणि वहीत तारीख लिहिली.

पलीकडच्यांचे होर्डिंग आता मिरज रोडवरही आहेत. मागच्या महिन्यात त्यांचा सुपरवायझर आमच्या जिन्यात टेप घेऊन मीटरच्या फलाटाची उंची मोजत होता. मी वरून बघत होतो, बोललो नाही. त्याने उंची रस्त्यापासून मोजली. त्यांचा रस्ता आमच्यापेक्षा दीड फूट खोल आहे.