फ्लास्क निवळला त्या दिवशी

आमच्या वर्गातल्या रावेरकडच्या एका मुलीला ‘व्हायरस’ हा शब्द पुस्तकात भेटलेला नव्हता. केळीवर सीएमव्ही हा विषाणू आला तेव्हा वडिलांनी पोरासारखी जपलेली रोपं उपटून बांधावर टाकताना तिने पाहिलं होतं. म्हणून एम.एस्सी.च्या वर्गात मी म्हणाले, की विषाणू नसतील तर समुद्राचं रहाटगाडगंच अडेल, तेव्हा ती सरळ उठून बोलली, “मॅडम, हे नाही पटत.”

पटावं तरी कसं? आमच्याकडून समुद्र कुठल्या कुठे. तापी तेवढी इथून वाहत जाते आणि सुरतेपलीकडे त्याला मिळते.

तापीच्याच पाण्यातून आम्ही आधी फाज, म्हणजे जिवाणूंना फोडणारा विषाणू, वेगळा केला होता. नाला मिळतो तिथलं पाणी बारीक फिल्टरमधून गाळलं आणि इ. कोलाय या जिवाणूसोबत मऊ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, मिसळून प्लेटवर ओतलं. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडलेली होती.

त्या सकाळी ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणूंचं अन्न घातलेल्या पाण्यात, वाढवलेल्या इ. कोलायचे दोन गढूळ फ्लास्क घेतले. एकात फाज टाकला, दुसरा तसाच ठेवला, दोन्ही शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, लावले आणि मी तासाला गेले. डब्याच्या सुट्टीत परतले, तर लॅबमधले आप्पा दारातच उभे. “मॅडम, दूधनं पाणी व्हयी गयं!”

खरंच, फाजचा फ्लास्क निवळला होता. वर थोडा फेस, तळाशी तंतूंसारखं काहीतरी. दुसरा फ्लास्क आणखीच दाट झालेला. मुलं मोबाईलवर फोटो काढत होती. रावेरकडची ती मुलगी मात्र फ्लास्क उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “इतके मेले, मग ते गेले कुठे?”

वर्षानुवर्षं हा धडा मी फळ्यावर बाण काढून शिकवते. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

“कुठेच नाही,” मी म्हणाले, “याच पाण्यात आहेत, विरघळलेले.” आणि तिथेच, डबा तसाच ठेवून, सांगत सुटले. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात. १९८९ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते मोजले, तोवर कुणाला एवढ्या संख्येची कल्पना नव्हती. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा विषाणू रोज फोडतात, असा अंदाज आहे. तो जिवाणू एखाद्या प्रोटोझोआने, म्हणजे एकपेशीय जीवाने, खाल्ला असता, तर त्याच्यातलं अन्न पुढे प्राणीप्लवकात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांत, मग मासळीत गेलं असतं. विषाणूने फोडला की नायट्रोजन, फॉस्फरस, लोह सगळं पाण्यात सांडतं आणि उरलेले जिवाणू आणि वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे प्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव, तेच उचलतात. किनाऱ्यापासून लांब बऱ्याच ठिकाणी तर लोहासाठी हे प्लवक उपाशी असतात. तिथे हे सांडणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आणि पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा वाटा या प्लवकांचा. विल्हेल्म आणि सटल या संशोधकांनी १९९९ मध्ये या वळणाचं सविस्तर चित्र मांडलं. वर जाणारं अन्न विषाणू मधेच वळवून पुन्हा पाण्यात आणतात.

ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे घड बाजारात गेला तर गेला. खोड कापून आम्ही बागेतच कुजवतो, तसं. ते पुढच्या केळीला लागतं.”

मला क्षणभर बोलताच येईना. माझे सगळे बाण त्या एका खोडात आले होते. पण सीएमव्हीने गेलेली तिच्या घरची रोपं त्यामुळे परत येणार नव्हती, आणि तसं काही मी तिला सुचवलंही नाही. तिनेही ते काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी लॅबमध्ये. निवळलेला फ्लास्क पुन्हा गढूळ झाला होता. फाजला दाद न देणारे काही मोजके जिवाणू मागे उरले होते, ते रात्रभरात वाढले. “मेलेल्यांवरच जगले ना हे?” तिचे डोळे चमकत होते.

“असतीलही. पण ब्रॉथही शिल्लक होता, गं. यावरून तसं म्हणता येणार नाही.”

तिने क्षणभर विचार केला. मग कपाटातून दोन कोरे फ्लास्क काढले आणि मार्करने एकावर ‘नुसतं मिठाचं पाणी’, दुसऱ्यावर ‘मिठाचं पाणी + फुटलेल्या पेशी’ असं लिहायला घेतलं.