गाडी घेताय तर आधी पाय टेकवून बघा

नवीन मोटरसायकल घ्यायला गेलं की आपल्याकडं मायलेज विचारतात, ऑनरोड किती पडणार विचारतात, सीटची उंची मात्र कोण विचारत नाही. मला तर रोजच्या वापरात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, त्यातनं ज्यांची उंची साडेपाच फुटाच्या आत आहे त्यांना तर जास्तच.

आणि नुसत्या ब्रोशरच्या आकड्यावर जाऊ नका राव. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ८०५, फरक बघायला गेलं तर दोनच सेंटीमीटर, पण बसून बघा, क्लासिकची सीट रुंद, मांड्या फाकल्या की तेवढा पाय आखूड पडतो, वर गाडी १९५ किलोची. एनफिल्डच्याच हिमालयन ४५० चं ८२५ वाचून बरेचजण लांबूनच नमस्कार करतात, पण तिच्या शॉकअपला २०० मिलिमीटरचा खेळ आहे, आपण बसलो की गाडी बऱ्यापैकी दबते, त्यामुळं आकडा वाचून वाटतं तेवढी ती उंच लागत नाही.

मध्यंतरी आतेबहिणीसाठी गाडी बघत होतो, ती पाच फूट दोन इंच. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं घरात सगळ्यांचं म्हणणं. मला नाही पटत ते. दोन्ही चवडे नीट टेकत असतील तर सपाट रस्त्यावर निभतं, खरी परीक्षा चढाला. जोतिबाला जाताना पुढं एसटी थांबली की उजवा पाय मागच्या ब्रेकवर, मग गाडी तोलायला डावा एकटाच, आणि डबलसीट असला तर मागच्याचं वजनपण त्याच्यावर. तसंच उसाच्या सीझनला. समोरनं ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत आला की आपण साईडपट्टीवर उतरतो, डांबराची कड संपली की माती चार बोटं खाली असते, डावा पाय सोडला तर बुटाखाली काही लागतच नाही आणि तेवढ्यात गाडी त्या अंगाला कलायला लागते, भरलेली गाडी एकदा कलली की हातानं सावरत नाही. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर यातलं काय कळणार?

म्हणून रोजचे बूट घालूनच जायचं, गाडी स्टँडवरनं काढायला लावायची, मागं कुणालातरी बसवायचं आणि पायानं रेटत गाडी मागं घेऊन बघायची. कोल्हापुरात महाद्वार रोडला पार्किंगमधनं गाडी काढताना हेच करावं लागतं. बहिणीला शेवटी एनफिल्डची हंटर पटली, सीट ७९० मिलिमीटरची, वजन १८१ किलो.

उंच लोकांनी लगेच खाली सीटची बुटकी क्रूझर बाईक घेऊ नये, गुडघे वर येतात आणि गगनबावड्यापर्यंत जाईस्तोवर माकडहाड बोलायला लागतं.

गाडी घेऊन झाली असेल आणि पाय पुरत नसेल तर लोअरिंग लिंक, म्हणजे मागचं सस्पेन्शन खाली बसवणारी पट्टी, टाकायच्या आधी विचार करा, ग्राउंड क्लिअरन्स जातो, साईड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडं पडते. त्यापेक्षा चांगल्या कुशनवाल्याकडं जा, आणि त्याला बसायच्या जागेचा फोम कापू देऊ नका, आधी पुढच्या दोन्ही कडा तासायला सांगा, मांड्या जवळ येतात आणि पाय खाली पोचतो.