बाट डोबेरानचा उरूस

जर्मनीतल्या रोस्टॉकहून सुटलेल्या छोट्या गाडीत माझ्या समोरच्या बाकावर साठी ओलांडलेला एक माणूस बसला होता. पांढऱ्या केसांची शेपटी, पायाशी तंबूची गुंडाळी आणि काळ्या टी-शर्टवर फक्त एक मिशी. चेहरा नाही, नाव नाही. जाड, दोन्ही बाजूंनी खाली उतरलेली मिशी आणि खालच्या ओठाखाली केसांचा एक ठिपका. मी माझ्या जॅकेटची चेन खाली ओढली. आत तीच मिशी. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मिशीकडे, आणि डब्यातलं एक उकडलेलं अंडं काढून माझ्या हातावर ठेवलं. झाली ओळख.

मिशी अमेरिकन संगीतकार आणि गिटारवादक फ्रँक झॅपाची. जन्म बाल्टिमोरचा, १९४०चा. गेला १९९३ साली, लॉस एंजेलिसला, त्रेपन्नावा वाढदिवस सतरा दिवसांवर असताना. ५२ वर्षांच्या आयुष्यात ६० च्या वर अल्बम. रॉक, जाझ, डू-वॉप, भरगच्च ऑर्केस्ट्रा, सगळं एकाच माणसाचं, आणि कधीकधी एकाच गाण्यात. पंधराव्या वाढदिवसाला आईनं 'लांबचा फोन करायची मुभा' ही भेट दिली, तेव्हा या पोरानं फोन लावला तो एडगार वारेझ या आधुनिक संगीतकाराच्या घरी. १९६३ साली अमेरिकन टीव्हीवर सूट घालून आला आणि सायकलच्या तारांवर गज फिरवून दाखवला. पोरीचं नाव ठेवलं मून युनिट. आपल्याकडे अशा माणसाला अवलिया म्हणतात आणि विषय संपतो. पण हा अवलिया नशापाण्याच्या वाटेला जात नसे, बँडमधल्यांनाही जाऊ देत नसे, आणि तालमीत एक स्वर चुकला तर सोडत नसे. कॉफी आणि सिगारेट, बास. विक्षिप्तपणा सगळा कागदावर, नोटेशनमध्ये.

माझी आणि त्याची गाठ पडली इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. एका सीनियरच्या हार्ड डिस्कमध्ये 'हॉट रॅट्स' नावाचा फोल्डर होता. नावावरून भलतंच काही असेल म्हणून उघडला आणि निघालं १९६९ सालचं जवळजवळ बिनशब्दांचं संगीत. पुढे नोकरीनं हॅम्बुर्गला आणलं आणि कळलं की इथून तीनेक तासांवर, बाल्टिक समुद्राजवळच्या एका गावात दर जुलैत झॅपाची जत्रा भरते. नाव झॅपानाले. १९९० पासून चालू आहे. झॅपा स्वतः त्या गावात कधी आला नाही.

ते गाव, बाट डोबेरान, म्हणजे वाफेचं इंजिन आणि विटांचं चर्च. इंजिनाला सगळे लाडानं 'मॉली' म्हणतात. १८८६ पासूनची अरुंद रुळांची गाडी आणि ती चक्क बाजारपेठेतून जाते. स्टेशनाबाहेर मी नकाशा बघत उभा होतो तर मागून घंटा वाजायला लागली. वळून बघतो तो काळं धूड दुकानांच्या पाट्यांना घासल्यासारखं येतंय, कॅफेच्या खुर्च्यांपासून हातभर अंतरावरून. एक आजी शांतपणे कॉफीच्या कपावर तळहात धरून बसल्या होत्या, काजळी पडू नये म्हणून. गाडी गेली, हात काढला, घोट घेतला. रोजचंच असणार.

चर्च तेराव्या-चौदाव्या शतकातलं, सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाचं. १३६८ साली त्याचं पवित्रीकरण झालं. लाल विटांची एवढी उंची मी आधी पाहिली नव्हती. मठाची जागा कशी ठरली त्याची गोष्ट गावात ऐकायला मिळते: हरिण पडेल तिथं मठ बांधायचा असं ठरलं, हरिण नेमकं दलदलीत पडलं, सगळे बिचकले, तेवढ्यात एक हंस 'डोब्र, डोब्र' असं ओरडत उडाला. डोब्र म्हणजे चांगलं. मग बांधलं. आपल्या कुठल्याही क्षेत्राच्या माहात्म्यात शोभावी अशी गोष्ट आहे.

आणि याच गावात झॅपाचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. २००२ साली बसवलेला, वात्स्लाव चेसाक या चेक शिल्पकारानं केलेला. अंडंवाले काका (हॅम्बुर्गात राहूनही सगळ्या वडीलधाऱ्या पुरुषांना मनातल्या मनात काका म्हणायची माझी सवय गेलेली नाही) तिथं थांबले. पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी कॉफीचा कागदी कप ठेवला होता. भरलेला. काकांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "गार झालीय." मग बेकरीत जाऊन गरम आणून ठेवली.

मैदान गावाबाहेर, घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या ट्रॅकवर. १८२२ साली इथं शर्यती सुरू झाल्या. मॉलीचा तिथं थांबाच आहे. गवतावर तंबू, तंबूंमधून दोऱ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले मोजे. खाण्याच्या टपऱ्या, जुन्या रेकॉर्डींची खोकी, बिल्ले, बिअर. मी तंबू उलटा ठोकला. दार नेमकं शेजारच्या तंबूच्या भिंतीला लागलं. काकांनी काही न बोलता तो उपटून सरळ लावून दिला.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून सगळं दाखवलं. तिनं बघितलं आणि विचारलं, "कुणाचा उरूस म्हणायचा हा?"

आम्ही मिरजेचे. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणाची संगीत सभा होते, दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली. खाँसाहेब १९३७ साली गेले, दर्ग्यातच त्यांची कबर आहे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर पेंगत मी तिथं किती जणांचं गाणं 'ऐकलं' याचा हिशेब नाही. तिथं कलाकार कार्यक्रम करत नाहीत, हजेरी लावतात. आईच्या त्या प्रश्नानंतर मला हे मैदान नीट दिसायला लागलं. इथंही हजेरीच चालली होती. झॅपाच्या बँडमधले जुने साथीदार, आइक विलिस, नेपोलियन मर्फी ब्रॉक, ड्रमवाला जिमी कार्ल ब्लॅक, असे कितीतरी जण या गावात येऊन वाजवून गेलेत. आणि त्यांच्या जोडीला गावोगावची हौशी मंडळी.

काका पूर्व जर्मनीतले. बर्लिनची भिंत उभी होती तेव्हा त्यांच्याकडे झॅपाची एकच कॅसेट होती, तीही कितव्यांदा उतरवलेली कोण जाणे. पश्चिमेच्या रेकॉर्डी दुकानात मिळायच्या नाहीत. कुणाची पेन्शनर आजी पलीकडे जाऊन यायची, कुणी बुडापेस्टहून आणायचं, आणि मग एका तबकडीवरून वीस कॅसेटी व्हायच्या. "वरचे स्वर सगळे पुसलेले," काका म्हणाले. "मी कित्येक वर्षं समजत होतो की त्याच्या गाण्यात झांजा नाहीतच." भिंत पडल्यावर धड रेकॉर्ड ऐकली तेव्हा ते आधी चिडले होते, हे काय नवीन घुसडलंय म्हणून!

पलीकडे चेकोस्लोव्हाकियातही हेच. तिथल्या एका भूमिगत बँडनं आपलं नावच झॅपाच्या गाण्यावरून घेतलं होतं, 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. त्यांना तुरुंगात टाकलं गेलं, त्यातून निषेधाची सनद निघाली, आणि सनदवाल्यांपैकी वात्स्लाव हावेल पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९९० मध्ये झॅपा प्रागला उतरला तर विमानतळावर ही गर्दी. अमेरिकेत ज्याची गाणी रेडिओ लावायला बिचकत, त्याचं इथं हे कौतुक.

आता एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. झॅपाची निम्मी गाणी मी न ऐकताच पुढे ढकलतो. बायकांवरची त्याची थट्टा पुष्कळदा आचरट आणि कधी नुसतीच हलकी आहे. हे मी काकांना घाबरत सांगितलं, आणि पुढचा दीड तास आमच्या तंबूपुढे जो वाद पेटला त्यात सात जण सामील झाले. एक बाई म्हणाल्या की त्या फक्त वाद्यसंगीत ऐकतात, शब्द आले की स्वयंपाकघरात जातात. एकाचं म्हणणं, तो सगळ्यांचीच टर उडवतो, स्वतःचीही. दुसरा म्हणाला, सगळ्यांची उडवली म्हणून सगळी उडवलेली चांगली होत नाही. माझं मत या दुसऱ्याच्या बाजूला. पण कुणी उठून गेलं नाही. झॅपाचे चाहते त्याच्यावर प्रेम करतात ते भांडून. पुण्यात भीमसेनांच्या कुठल्या सालच्या कुठल्या मैफलीतला तोडी खरा यावरून भांडणारे लोक ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथं अजिबात परकं वाटणार नाही.

जत्रा भरवणारी ही मंडळी चिवटही आहेत. झॅपाच्या कुटुंबाच्या ट्रस्टनं नावावरून आणि त्या मिशीच्या चिन्हावरून त्यांना जर्मन कोर्टात खेचलं होतं. प्रकरण अगदी वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये ट्रस्ट हरला. म्हणून टी-शर्टवर मिशी आहे.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या वयाच्या पोरांचा एक बँड मंचावर आला. त्यांनी घेतलं 'द ब्लॅक पेज'. हे झॅपानं टेरी बोझिओ या आपल्या ड्रमरसाठी १९७६ साली लिहिलं. कागदावर स्वरचिन्हांची एवढी दाटी की पान काळं दिसतं, म्हणून हे नाव. आधी नुसता ड्रम, मग तीच लय जशीच्या तशी सुरावट होऊन येते. तीन ठोक्यांच्या जागी पाच, आणि एका भागाकाराच्या पोटात पुन्हा आणखी भागाकार. ड्रमवर बसलेली मुलगी वीस-बावीसची असेल. अर्ध्यावर ती अडखळली. थांबली. मैदान चिडीचूप. तिनं काठ्या मांडीवर पुसल्या, डोकं हलवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. ज्या जागी अडखळली होती ती जागा जवळ यायला लागली तशी माझ्या आजूबाजूची माणसं श्वास धरून, ओठ हलवत मोजायला लागली. पोरगी तिथून पार झाली आणि संपायच्या आधीच मैदानातून जो आवाज उठला, त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. ती दाद होती. नेमक्या जागेला, नेमक्या क्षणी. काकांनी माझा खांदा असा दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

दाद देण्यात वात्रटपणाही भरपूर. झॅपा मंचावर बोटांच्या खुणांनी बँड चालवायचा. डोक्याशी बोटं नेऊन केसांची बट पिळल्यासारखं केलं की जे चाललंय ते रेगेमध्ये, म्हणजे जमैकाच्या त्या डुलत्या ठेक्यात, वाजवायचं, अशी त्याची खूण होती. रात्रीच्या बँडचं एक गंभीर, संथ गाणं चालू असताना पहिल्या रांगेतल्या कुणीतरी बट पिळली. मग दुसऱ्यानं. मग शेकडो हात डोक्याशी, त्यातले निम्मे टकले. गिटारवाल्यानं बघितलं, मान तुकवली आणि पुढच्या आवर्तनाला सगळं रेगे. एक पोलीसही कुंपणाशी उभा राहून कानाजवळची नसलेली बट पिळत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बिअरच्या तंबूमागे एक सायकल उलटी करून ठेवली होती, शेजारी चेलोचा जुना गज. ज्याला वाटेल त्यानं वाजवावं. मी वाजवली. तारेवर गज टेकवला की आधी नुसतं किरकिरतं, जोर कमी केला की मग कुठूनतरी लांबून हुंकार आल्यासारखा आवाज निघतो. माझ्या मागे आठ वर्षांचा एक मुलगा नंबर लावून उभा होता. तो म्हणाला, सीटजवळच्या तारा जास्त चांगल्या लागतात. खरंच लागतात.

काकांना माझ्याकडून एक हवं होतं. त्यांच्याकडे एल. शंकरची १९७९ची रेकॉर्ड होती, झॅपानं निर्माण केलेली. मद्रासचा हा व्हायोलिनवाला 'शक्ती' या बँडमध्ये आपल्या झाकीरभाईंबरोबर वाजवायचा, आणि १९७८ साली न्यूयॉर्कला झॅपाच्या मंचावरही होता. 'तुमचे लोक एवढं मोजतात कसं?' हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, रात्री सांगतो.

शेवटी वाजलं 'वॉटरमेलन इन ईस्टर हे'. झॅपाच्या 'जोज गराज' या अल्बमच्या शेवटाकडचं, शब्दांचं गाणं नव्हे, नुसती गिटार. त्या अल्बममधले बहुतेक सोलो झॅपानं जुन्या मैफलींच्या टेपांवरून कापून नव्या गाण्यांवर चिकटवलेत, पण हा खास त्या गाण्यासाठी स्टुडिओत वाजवलेला. नऊ मात्रांचं आवर्तन, घाई नाही, गिटार एकेका स्वरावर रेंगाळते. मिरजेत तबल्याच्या क्लासला शिकवलं होतं तसा माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. तर्जनीची तीन, मधल्या बोटाची तीन, अनामिकेची तीन. नऊ मात्रा म्हणजे बरोबर तीन बोटं, करंगळी मोकळी. काकांचं लक्ष गेलं. मी त्यांचा हात घेतला आणि त्यांचा अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. दोनदा चुकले, चौथ्या बोटावर गेले. तिसऱ्या आवर्तनाला माझ्याबरोबर परत पहिल्या पेरावर आले आणि तिथून गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

सोमवारी सकाळी मला आधीची गाडी होती. काका आणखी एक दिवस राहणार होते, समुद्रावर जाणार होते, तरी फलाटावर आले. डब्यात यावेळी दोन अंडी. गाडी हलली तेव्हा त्यांचा एक हात खिशात होता आणि दुसरा छातीशी धरलेला. अंगठा पेरांवर चालला होता, ओठ हलत होते. हात हलवायला ते विसरले.