तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं फिरून मिळतं काय?

बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातले शेजारी विचारतात, नात्यातले विचारतात. सुट्टी आणि पैसा दोन्ही मोजकेच, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

सगळ्यांना एकच गोष्ट मिळत नाही. माझी आजी काशीयात्रेचं बोलायला लागली की विश्वनाथाच्या दर्शनाइतक्याच आनंदाने सांगायची, "तिथे मला आयतं गरम पान वाढलं गं!" जन्मभर पंगती वाढून मग उरलंसुरलं जेवलेल्या बाईला हे मिळालं. मला ते मुळीच लहान वाटत नाही.

माझं म्हणाल, तर परगावी गेलं की बडोदं जास्त कळतं. तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर मराठी कोरलेली आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास दगडात कोरवून घेतला, तो हा लेख. आजूबाजूला सगळं तमिळ बोलणं चाललेलं, आणि मी मान वर करून ओळीमागून ओळ लावत उभी. काही शब्द चटकन लागायचे, काही ठिकाणी अडायचं. मानेला रग लागली तरी पाय निघेना.

तिथे चिमणाबाई आठवल्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या. 1880 साली लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि त्यांच्यासोबत भरतनाट्याच्या नर्तकी आणि वादकही आले. हे लहानपणापासून ऐकलेलं. पण गाड्या बदलत, अंग आंबून तिथे पोचले, तेव्हा त्या मुलीचं माहेर केवढं लांब राहिलं होतं ते उमगलं.

खुद्द सयाजीराव 1887 साली पहिल्यांदा युरोपला गेले ते प्रकृतीसाठी, हवापालट म्हणून. पुढे जात राहिले आणि बघत राहिले. 1906 साली अमेरिकेत त्यांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली, आणि 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मग संस्थानभर मोफत वाचनालयं निघाली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या, वाचून झाल्या की पुढच्या गावाला. महाराजांच्या प्रवासातून खेड्यातल्या माणसाच्या हातात पुस्तक आलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

म्हणून एका दिवसात दहा 'पॉइंट' उरकणाऱ्या सहली मला रुचत नाहीत. त्यात उतरा, फोटो काढा, चढा, एवढंच होतं. मी एका गावात मुक्काम करते. भाजीबाजार, वाचनालय, बसस्टँड बघते आणि आपल्याकडे हे असं का नाही, किंवा आपल्याकडे आहे ते इथे का नाही, हे विचारत हिंडते. लोक आपणहून सांगतात, वेळ काढून दाखवायलाही नेतात.

आता मालेगावजवळच्या कवळाण्याला जायचं आहे. 1875 साली बारा वर्षांचे सयाजीराव दत्तक म्हणून बडोद्याला आले ते तिथून. कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत जागा आहे.