अजून इंडस क्रीड?

रविवार, रात्री उशिरा

कॉलेजच्या ग्रुपचं जेवण आटपून आत्ताच घरी आलो. गाडीत एकाने माझ्या फोनवर काय वाजतंय ते डोकावून पाहिलं. इंडस क्रीड वाजत होतं, आमच्या तरुणपणीचा मुंबईचा इंग्रजी रॉक बँड. "अरे, अजून इंडस क्रीड? आहेत का ते?" सगळे हसले, मीही हसलो. मग म्हणाला, "ते 'टॉप ऑफ द रॉक' लाव ना!" त्यांचं जुनं गाजलेलं गाणं. लावलं. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत गप्पा बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटवर पोचल्या होत्या.

हसण्याचं काही वाटलं नाही. ती फर्माईश मात्र लागली. का लागली ते लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

ही मंडळी १९८४ साली मुंबईत रॉक मशीन या नावाने सुरू झाली. तेव्हा इथल्या बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत असा शिरस्ताच होता. डीप पर्पलसारख्या ब्रिटिश बँडचं गाणं जमलं की टाळ्या. स्वतःचं गाणं काढलं की निम्मं पब्लिक सिगरेट ओढायला बाहेर. यांनी हट्टाने स्वतःची गाणी लावून धरली आणि १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढलं. ती कॅसेट गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा बाबांनी चष्मा लावून आतला कागद वाचला. गिटार वाजवणाऱ्या महेश तिनईकर या नावाशी थांबले. "तिनईकर? आणि हे असले केस?" पण त्यानंतर आवाज कमी कर असं त्यांनी जरा कमी वेळा सांगितलं. आडनावाची पुण्याई!

हे बँड जिथे वाजवायचे ते रंगभवन हे खुलं नाट्यगृह आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. वर उघडं आकाश, एका बाजूला झेवियर्स कॉलेज, आणि १९८६पासून तिथे भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव. पुढे रुग्णालयं आणि कॉलेज शेजारी म्हणून तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. आजच्या मुलांना तिथे काय चालायचं हे सांगूनही खरं वाटत नाही.

१९९३मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याला एमटीव्हीचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. आता हे जगभर जाणार, असं आम्ही छातीठोकपणे सांगत फिरायचो. झालं उलटंच. १९९५मध्ये त्यांचा नव्या नावाचा अल्बम आला, आणि त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने सगळी हवा फिरवली. हिंदी पॉप खपतं हे कळल्यावर चॅनेलं आणि कंपन्या तिकडे वळल्या. धंदा म्हणून त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मुंबईतच राहून इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्यांना कुठे जागाच उरली नाही. १९९७मध्ये बँड फुटला. गायक उदय बेनेगल आणि गिटारिस्ट जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' हा वेगळा बँड केला. माझ्या मित्रांच्या लेखी गोष्ट इथे संपते.

२०१०मध्ये ते पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर आणि की-बोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे, वयाने बरेच लहान. २०१२मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम आला. पर्ल जॅम या अमेरिकन बँडचा गाजलेला 'टेन' अल्बम मिक्स करणाऱ्या टिम पामरकडून त्यांनी तो मिक्स करून घेतला. म्हणजे हौस म्हणून, चार पैसे मिळतील म्हणून जमलेले हे लोक नव्हतेच. पन्नाशीकडे झुकताना माणसं नवीन काहीतरी करून बघत होती, आणि समोरून ओरडा काय, तर 'टॉप ऑफ द रॉक'.

खरं सांगायचं तर १९८८च्या त्या गाण्यांतली निम्मी मला आज ऐकवत नाहीत. शब्द उसने वाटतात, ड्रम्स डबा बडवल्यासारखे. 'इव्हॉल्व्ह' त्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. तिनईकरांची गिटार तिथे घाई करत नाही, थांबते, मग नेमकी येते. हे मी ज्यांना सांगतो त्यांनी तो अल्बम ऐकलेलाच नसतो, तरी जुनंच बरं होतं हे त्यांना ठाम माहीत असतं. त्यांना बँड नकोच असतो, स्वतःचं विशीतलं पोट सपाट असलेलं रूप हवं असतं. तेवढ्यासाठी त्या पाच जणांना का वेठीला धरायचं?

घरात निदान एक श्रोता आहे. लेकीला ना रंगभवन ठाऊक, ना कॅसेट. तिला वाटलं होतं हा कुठलातरी नवाच बँड आहे. मला तो अभिप्राय कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटला, पण तसं तिला बोलून दाखवलं नाही. 'इव्हॉल्व्ह'मधलं 'फायरफ्लाइज' तिने स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाकलंय. त्यातलंच 'द मनी' तिला बिलकुल आवडत नाही, उगाच आरडाओरडा म्हणते. त्यावरून आमचं जुंपलेलं आहे आणि तिची आई म्हणते, दोघंही हेडफोन लावा.