मोऱ्याची लाँच, माझगाव डॉक आणि यार्ड १२७०६

नवी मुंबईत राहून समुद्रातून मुंबई बघायची असेल तर माझ्या मते अजूनही उरणच्या मोरा बंदरापासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या लाँचला तोड नाही. अटल सेतूवरून गाडीने पटकन पलीकडे पोचता येतं ते खरंय, पण तिथून बंदर नीट बघेपर्यंत मागे गेलेलं असतं. आणि मला बघायचं होतं ते बंदराच्या त्या टोकाला होतं, म्हणजे माझगाव डॉक, जिथे आपल्या विनाशिका बांधल्या जातात. डिस्ट्रॉयर हो, मोठ्या, वेगवान युद्धनौका. भारतात बांधलेली प्रत्येक डिस्ट्रॉयर, १९९७ च्या दिल्लीपासून २०२५ च्या सुरतपर्यंत दहाच्या दहा, याच एका यार्डातून बाहेर पडलीये आणि नेरुळ-सीवूड्सला राहणाऱ्या किती जणांना हे माहिती असेल देव जाणे, जेव्हा की ती बांधणारी कितीतरी माणसं आपल्याच हार्बर लाइनवरून रोज तिकडे जातात.

त्यातलेच एक आमच्या विंगमधले काका. डॉकमध्ये पाइप फिटर होते, आता रिटायर झालेत. माझ्या भाच्याला, आठवीत आहे तो, युद्धनौकांचं जबरदस्त वेड आहे आणि तो सुट्टीला आमच्याकडे आला की काकांना पार भंडावून सोडतो, मग काकाच एकदा म्हणाले, "अगं, याला मोऱ्याच्या लाँचने नेऊ या, घरात बसून काय सांगणार मी?" डिसेंबर होता, हवा छान होती, निघालो तिघं.

नेरुळहून उरणची लोकल पकडली. ही लाइन आधी खारकोपरपर्यंतच होती, जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते, आणि खारकोपरच्या पुढे खिडकीची सीट मिळाली तर सोडू नका, मिठागरं, खारफुटी, मधेच कंटेनरचे डोंगर आणि लांबवर जेएनपीटीच्या क्रेन. उरण स्टेशनवरून रिक्षाने मोरा बंदर. आणि तिथे थांबावं लागलं, कारण ओहोटी. मोऱ्याला गाळ इतका साचतो की पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागतच नाही, भरतीची वाट बघत बसायचं. उरणकरांना याची सवय आहे, लोक पिशव्या खाली ठेवून निवांत गप्पा मारत होते.

पण त्या थांबण्यात काकांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. ते म्हणाले जहाजाचं पण असंच असतं. स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर, बांधलेलं जहाज पाण्यात सोडायचं म्हणजे लाँचिंगचा मुहूर्त मंत्री नाही ठरवत, आधी भरतीचं टेबल बघतात, पुरेसं पाणी कुठल्या दिवशी किती वाजता मिळणार ते बघून मग पाहुण्यांना वेळ कळवायची. पाणी कमी असलं तर हजारो टनांचं लोखंड उतरणार कुठे? भाचा लगेच, "काका, तुम्ही बघितलंय का लाँचिंग?" "बघितलं म्हणजे काय, मुंबईचं बघितलं, कोलकात्याचं बघितलं, विशाखापट्टणमचं बघितलं." आयएनएस मुंबई मार्च १९९५ ला पाण्यात गेली, आयएनएस विशाखापट्टणम २० एप्रिल २०१५ ला, म्हणजे वीस वर्षांची नोकरी या दोन तारखांमध्येच आली.

पाणी चढलं, लाँच आली. वरच्या डेकवर जागा मिळाली. निघाल्यावर उजवीकडे घारापुरी, मग जवाहर द्वीप, ज्याला सगळे बुचर आयलंड म्हणतात, तिथे तेलाचे टँकर लागलेले. डावीकडे बंदराचं तोंड आणि लांबवर कुलाबा. पाऊण-एक तासाचा प्रवास आहे, आणि साधारण मधे आल्यावर डावीकडे एक करडी युद्धनौका नांगर टाकून उभी होती. भाच्याने मास्ट, म्हणजे वरचा उंच मनोरा, बघूनच सांगितलं की ही कोलकाता किंवा विशाखापट्टणम क्लासची (क्लास म्हणजे एकाच डिझाइनच्या नौका), कारण मास्टच्या वरच्या भागावर चारी बाजूंना सपाट पॅनेल असतात, तो एमएफ-स्टार रडार, फिरणारा अँटेना नाही, चारी दिशांना एकाच वेळी बघणारा. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

जवळून गेल्यावर कळतं की जहाजाच्या बाजू सरळ उभ्या नाहीत, तिरक्या आहेत, समोरून आलेली रडारची लहर परत आल्या वाटेने न जाता भलतीकडे जावी म्हणून. मागे हेलिकॉप्टरचा डेक, आणि पाठीमागे नौदलाचं निशाण फडकत होतं, २०२२ मध्ये बदललेलं, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेलं. उरणच्या पाण्यात ते निशाण बघताना काय वाटतं ते मला नीट लिहिता येणार नाही, पण भाचा आणि मी दोघंही गप्प झालो होतो.

विशाखापट्टणम क्लासच्या चार नौका आहेत, विशाखापट्टणम, मोरमुगाओ, इंफाळ आणि सुरत. प्रत्येकी १६३ मीटर लांब, ७,४०० टन, चार गॅस टर्बाइनवर ३० नॉट्सच्या वर पळणाऱ्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे, आणि एवढं धूड पाण्यात ५५ च्या स्पीडने जातंय ही कल्पना करून बघा. सोळा ब्रह्मोस आणि बत्तीस बराक मिसाइल, पुढे ७६ मिलिमीटरची तोफ जी हरिद्वारच्या भेल (BHEL) या सरकारी कंपनीत बनते. स्टील सेल (SAIL) या सरकारी कंपनीचं. डिझाइन नौदलाच्या स्वतःच्या डिझाइन विभागाचं. साधारण ७५ टक्के देशी.

आता मला मुख्य बोलायचंय ते इंफाळबद्दल, कारण त्या दिवशी काकांनी ज्या पद्धतीने सांगितलं त्याने माझ्या डोक्यात पक्कं बसलं. यार्डात जहाजाला सुरुवातीला नाव नसतं, नंबर असतो. इंफाळ म्हणजे यार्ड १२७०६. १९ मे २०१७ ला कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, ठेवली. २० एप्रिल २०१९ ला पाण्यात सोडली, तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांच्या पत्नी रीना लांबा यांच्या हस्ते, आणि नाव पडलं तेव्हा. टीव्हीवर आपण हेच बघतो, नारळ फुटतो, फुलं, टाळ्या, जहाज सरकत पाण्यात जातं आणि आपल्याला वाटतं झालं, बनलं जहाज. काका म्हणतात बनलं कुठे, त्या दिवशी तिचं वजन जेमतेम तीन हजार टन. पूर्ण झाल्यावर किती? ७,४००. म्हणजे अर्ध्याहून जास्त जहाज अजून यायचंय! बिल्डिंगचं आरसीसी उभं राहिलं की लांबून बिल्डिंग तयार दिसते पण आत ना प्लंबिंग ना वायरिंग ना दारं, तसं ते.

मग पुढची चार वर्षं. इंफाळ पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर समुद्रात गेली ती २८ एप्रिल २०२३ ला. या चार वर्षांत काय होतं? पाइप, केबल, टर्बाइन, पंप, एसी, रडार, स्वयंपाकघर, तीनशेच्या वर माणसांच्या झोपायच्या जागा, मिसाइलचे लाँचर, आणि प्रत्येक जोडाची तपासणी. काका सांगत होते की अरुंद जागेत एकाच वेळी वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, पेंटर सगळे आणि प्रत्येकाला आधी आपलं काम करायचं असतं, एक पाइप दोन इंच चुकीच्या ठिकाणून गेला तर मागून येणाऱ्या केबलवाल्याची वाट बंद. म्हणून नंतर नंतर ब्लॉकमध्येच, म्हणजे जहाजाच्या सुट्या बांधलेल्या मोठ्या तुकड्यांमध्येच, शक्य तेवढं आउटफिटिंग करून घ्यायला लागले, म्हणजे ब्लॉक अजून जमिनीवर असतानाच आत पाइप-बिइप बसवून टाकायचे आणि मग ३०० टनी गोलियथ क्रेनने अख्खा ब्लॉक उचलून जागेवर. सुरतचे तर हलचे, म्हणजे जहाजाच्या मुख्य सांगाड्याचे, ब्लॉक दोन वेगवेगळ्या ठिकाणी बनले आणि माझगावला जोडले.

२० ऑक्टोबर २०२३ ला इंफाळ नौदलाच्या ताब्यात गेली, नोव्हेंबरमध्ये, अजून कमिशन, म्हणजे नौदलात रीतसर दाखल, व्हायच्या आधीच, तिने ब्रह्मोस डागलं, आणि २६ डिसेंबर २०२३ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये राजनाथ सिंह यांच्या हस्ते कमिशन झाली. त्या दिवसापासून नावापुढे आयएनएस. ईशान्येतल्या शहराचं नाव मिळालेली ही एवढी मोठी पहिलीच युद्धनौका, आणि तिच्या क्रेस्टवर, म्हणजे बोधचिन्हावर, एका बाजूला कांगला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला कांगला-सा, मणिपूरचं पारंपरिक चिन्ह. १९४४ ची इंफाळची लढाई, तिथे लढलेले लोक, त्यांची आठवण म्हणून हे नाव. जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे त्या शहराचं नाव घेऊन ही नौका माझगावच्या चिखलातून निघून जगभर जाणार, मला हे खरंच फार मोठं वाटतं.

मी काकांना विचारलं, "काका, विशाखापट्टणमच्या कमिशनिंगला तुम्हाला बोलावलं होतं का?" ते म्हणाले, "तोवर मी रिटायर नव्हतो का झालो! २०१५ ला पाण्यात गेली, २०२१ च्या नोव्हेंबरात कमिशन झाली. मी टीव्हीवर बघितली. पण काय आहे, आत कुठला पाइप कुठून गेलाय ते मला अजून डोळे मिटून सांगता येईल." आणि हे अभिमानानेच सांगितलं, तक्रार म्हणून अजिबात नाही. मला मात्र वाटत राहिलं की फोटो दोनच दिवसांचे निघतात, नारळाचा आणि कमिशनिंगचा, आणि जहाज बनतं ते मधल्या वर्षांत, ज्यांचे फोटो कुणी काढत नाही. त्या वर्षांतली माणसं सकाळी नेरुळ, कोपरखैरणे, कळवा, ठाणे इथून डबा घेऊन निघतात आणि डॉकयार्ड रोडला उतरतात. काकांच्या सुरुवातीच्या दिवसांत तर वाशीचा रेल्वे पूलही नव्हता, तो १९९२ ला सुरू झाला, त्याआधी बसने खाडी ओलांडून जायचं, पहिली शिफ्ट असली की पहाटे काळोखात.

बोलता बोलता भाऊचा धक्का आला. माशांचा वास, ट्रॉलर्सची गर्दी, बर्फाच्या गाड्या, पाय ठेवायला जागा नाही. धक्क्याच्या उजवीकडे डॉकच्या क्रेन एकदम अंगावर आल्यासारख्या दिसतात. त्याच्याही पुढे दारूखाना, जिथे जुनी जहाजं तोडतात, आपली जुनी विक्रांत २०१४ मध्ये तिथेच तुटली. एकाच किनाऱ्यावर इतक्या जवळ बांधणं आणि तोडणं दोन्ही चालतं.

इथे जवळच यलो गेट पोलीस ठाणं आहे, आणि भाच्याला ते बघायचंच होतं. का, तर मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने पकडलेल्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं तेव्हा गुन्हा याच ठाण्यात नोंदवला गेला. एमव्ही रुएन नावाचं जहाज चाच्यांनी पळवलं होतं, कोलकाताने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठून ४० तास घेरून ठेवलं, नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले, आणि जहाजावरचे १७ च्या १७ खलाशी सुखरूप सुटले. त्याच्या दोन महिने आधी, २६ जानेवारीला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरला मिसाइल लागून आग लागली, त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी, तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमच्या दहा जणांच्या टीमने टँकरवर जाऊन तिथल्या खलाशांच्या बरोबरीने सहा तास झुंजून आग विझवली. काका हे ऐकताना मान हलवत होते. फायर मेन, म्हणजे जहाजातली आग विझवायची पाण्याची लाइन, ती त्यांच्याच कामात होती, आणि ते भाच्याला सांगायला लागले की युद्धनौकेत ही लाइन अशी घालतात की एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने पाणी फिरवता आलं पाहिजे, व्हॉल्व्ह कुठे हवेत, का हवेत. दहा मिनिटं रस्त्यात उभे राहून. मिसाइलबद्दल सगळे बोलतात, मला या पाइपाबद्दल ऐकायला जास्त आवडलं.

डॉकच्या आत अर्थातच जाता येत नाही आणि गेटपाशी फोटोही काढू नका. आम्ही डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात गेलो, टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांच्या नावाचं, पाण्याच्या टाकीवर केलेलं. तिथून गोद्या, क्रेन आणि पलीकडे बंदर दिसतं. खाली शिफ्ट सुटली तसे लोक स्टेशनकडे निघाले, आणि त्यातल्या दोघांनी काकांना ओळखलं. मग काय, अर्धा तास तिथेच. सध्या कुठल्या जहाजावर आहात, अमका रिटायर झाला का, तमक्याचा मुलगा अप्रेंटिस लागला का. भाच्याने त्यातल्या एकाला विचारलं की अप्रेंटिस व्हायला किती शिकावं लागतं, त्याने आयटीआयचे ट्रेड सांगितले, पोराने मोबाइलमध्ये लिहून घेतले.

पनवेल लोकल पकडून थेट नेरुळ. कुणाला जायचं असेल तर हाच मार्ग धरा, जाताना उरणची लोकल आणि लाँच, येताना हार्बर. फक्त आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, आणि पावसाळ्यात नको, समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. पाणी-टोपी घ्या, धक्क्यावर चिखल असतो तर जुने बूट. आणि ओळखीत कुणी डॉकमधून रिटायर झालेले काका असतील तर त्यांना नक्की बरोबर घ्या.